दुखणं थांबावं म्हणून घेतलेली दारू-गोळी आता सुटत नाही? बीड जिल्ह्यात कमी खर्चात उपचार कुठे, वाचा सविस्तर

बीड : उसाच्या मोळ्या डोक्यावर वाहून कंबर, मणका, गुडघे धरले, की रात्री झोप लागावी म्हणून कुणी दारू घेतो, कुणी मेडिकलवरून दुखण्याच्या गोळ्या आणतो. बायाबापड्यांना तंबाखू-मिश्रीची सवय लागते. दुखणं राहतं तिथंच, व्यसन मात्र वाढतं. नुसती दारू सोडवली अन् कंबर ठणकतच राहिली, तर माणूस परत तिकडंच वळतो. त्यामुळे डॉक्टरांना दुखणं आणि व्यसन, दोन्ही एकाच वेळी सांगा.

घरीच एकदम बंद करू नका

रोज जास्त पिणाऱ्याने अचानक दारू सोडली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरणे, फिट येणे, भास होणे असा त्रास होऊ शकतो. हे जिवावरही बेतू शकतं. अशा वेळी लगेच दवाखाना गाठा. ट्रामाडॉल या गोळीचीही सवय लागते. ती डॉक्टरांच्या देखरेखीत हळूहळू कमी करावी लागते. दारूसोबत घेतली तर श्वास मंदावण्याचा धोका असतो. जेवणात गुपचूप 'दारू सोडवायचं औषध' घालणंही धोक्याचं आहे.

कुठे जायचं?

• प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालय, बीडचं जिल्हा रुग्णालय : आरोग्य विभागाच्या या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत आहेत. सुरुवात गावच्या आशाताईंना विचारून करता येते.

• अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय : मानसोपचार आणि हाडांचे डॉक्टर एकाच ठिकाणी. इथं थोडं सरकारी शुल्क लागू शकतं.

• टेलिमानस १४४१६ : मोफत, २४ तास, मराठीत बोलता येतं. फडावरूनही फोन करता येतो.

• १४४४६ : केंद्र सरकारची नशामुक्ती हेल्पलाइन. सरकारी मदतीवर चालणाऱ्या केंद्रांची माहिती मिळते.

• १८००-११-२३५६ : तंबाखू, मिश्री सोडण्यासाठी मोफत सल्ला.

• अल्कोहोलिक्स अनॉनिमस : दारू सोडलेल्यांच्या बैठका. फी नाही.

डॉक्टरांना काय सांगायचं?

काय घेता, किती घेता, किती दिवसांपासून आणि शेवटचं कधी घेतलं. गोळ्यांची रिकामी पाकिटं, जुने एक्स-रे सोबत न्या. "सवय न लागणारं औषध आहे का? व्यायाम कोणता करू?" असं स्पष्ट विचारा. लाजायचं कारण नाही. मानसिक आरोग्य कायदा २०१७ नुसार दारू व नशेचं व्यसन हाही उपचाराचाच विषय आहे. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं दवाखान्यावर बंधनकारक आहे.

खासगी केंद्रात पैसे भरण्याआधी

केंद्राची नोंदणी आहे का, डॉक्टर रोज येतात का, औषधांचा खर्च फीमध्येच आहे का, घरच्यांना भेटू देतात का, हे आधी विचारून घ्या. मारहाण करणारं किंवा कोंडून ठेवणारं केंद्र असेल, तर तिथं माणूस ठेवू नका. उपचारासाठी मुकादमाकडून उचल घेण्याआधी सरकारी दवाखाना गाठा.

पट्टा पडून गावी आल्यावर लगेच उपचार सुरू केले, तर दसऱ्यापर्यंत हातात काही महिने मिळतात. पुन्हा फडावर जाताना केस पेपर आणि औषधं सोबत ठेवा.