डॉ. लाइटनर : लाहोरला आलेले एक भाषाशिक्षक

आपल्या समाजात मूल पाच-सहा वर्षांचे झाले की घरोघर एकच चर्चा सुरू होते. त्याला उर्दू शाळेत घालावे, मराठी शाळेत घालावे, की ऐपत नसली तरी इंग्रजी शाळेत? हा वाद अलीकडचा आहे असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः १८८० च्या सुमारास लाहोर शहरात हाच वाद मोठ्या जोराने गाजला होता, आणि त्याच्या केंद्रस्थानी एक परदेशी भाषाशिक्षक होते. डॉ. गॉटलीब विल्हेल्म लाइटनर हे त्यांचे नाव.

लाइटनर यांचा जन्म १८४० साली हंगेरीतील पेस्त शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. बालपणीच ते तुर्कस्तानात गेले व तेथे तुर्की आणि अरबी शिकले. क्रिमियाच्या युद्धात ब्रिटिश सैन्याचे दुभाषी म्हणून त्यांची नेमणूक झाली, तेव्हा त्यांचे वय अवघे पंधरा वर्षांचे होते. या वयाची आपली मुले दहावीच्या व्याकरणाला घाबरतात, हे विद्यार्थी मित्रांनी लक्षात घ्यावे! पुढे ते लंडनच्या किंग्ज कॉलेजात शिकवू लागले आणि १८६१ मध्ये अरबी व मुस्लिम कायद्याचे प्राध्यापक झाले. त्यांना पन्नास भाषा येत असत असे सांगतात. त्यात अतिशयोक्ती असावी. स्वतःची थोरवी सांगण्यात लाइटनर कधी संकोच करीत नसत. परंतु अरबी, फारसी, तुर्की आणि उर्दू यांवर त्यांचे प्रभुत्व होते यात शंका नाही.

१८६४ साली ते लाहोरच्या नव्या गव्हर्नमेंट कॉलेजचे प्राचार्य होऊन आले. सुखाने पगार घेऊन बंगल्यात राहण्याची सोय होती. पण पुढच्याच वर्षी त्यांच्या पुढाकाराने 'अंजुमन-ए-पंजाब' स्थापन झाली. ग्रंथालय, वाचनालय, व्याख्याने, वादविवाद असे तिचे कार्य होते. हिंदू, मुसलमान, शीख असे सर्व तिचे सभासद होते. या अंजुमनमध्येच मौलाना मुहम्मद हुसेन आझाद यांना आधार मिळाला. १८५७ नंतर इंग्रजांनी त्यांच्या वडिलांना देहदंड दिला होता व ते स्वतः दिल्ली सोडून वणवण फिरत होते. त्याच आझादांनी १८८० मध्ये 'आब-ए-हयात' हा उर्दू काव्येतिहासाचा अमर ग्रंथ दिला. अंजुमनचे एवढेच कार्य झाले असते तरी ते पुरेसे होते.

लाइटनर यांचा आग्रह होता तो देशी भाषांतून उच्च शिक्षण देण्याचा. गणित, विज्ञान, इतिहास हे विषय उर्दू-हिंदीतून का शिकवू नयेत, असा त्यांचा सवाल होता. त्यांच्या अथक प्रयत्नांतून ओरिएंटल कॉलेज उभे राहिले आणि १८८२ साली पंजाब विद्यापीठाला मान्यता मिळाली.

याला विरोध कोणी केला? आपल्याच काही पुढाऱ्यांनीही. 'ट्रिब्यून' पत्राचे संस्थापक सरदार दयालसिंग मजिठिया हे विरोधात होते आणि खुद्द सर सय्यद अहमद खान यांनीही टीका केली. नवल असे की १८६७ मध्ये सर सय्यद यांनी स्वतःच देशी भाषांतील विद्यापीठाची मागणी सरकारकडे केली होती. पुढे त्यांचे मत पालटले. देशी भाषेतून शिकलेल्याला इंग्रजीवाल्याची नोकरी, वकिली, प्रतिष्ठा मिळणार नाही. आपली मुले मागेच राहतील, अशी त्यांना चिंता वाटू लागली. प्रस्तुत लेखकाच्या मते नोकरीच्या बाबतीत सर सय्यद बरोबर होते आणि शिकण्याच्या बाबतीत लाइटनर. वर्गात रोज उभे राहणाऱ्या शिक्षकाला तरी असेच दिसते की घरच्या भाषेत समजलेला धडा मूल विसरत नाही. पण तेवढ्यावर कचेरीचे दार उघडत नाही, हेही पालक जाणतात.

त्यांचे सर्वांत मोलाचे काम मात्र वेगळेच आहे. १८८२ मध्ये त्यांनी पंजाबातील देशी शिक्षणाचा इतिहास लिहिला. मशिदीतील मक्तब, पाठशाळा, गुरुमुखी शाळा, व्यापाऱ्यांच्या महाजनी शाळा या सर्वांची माहिती जमविली. इंग्रजी राज्य येण्यापूर्वी या शाळांतून किमान ३ लाख ३० हजार मुले शिकत होती आणि आता ती जेमतेम १ लाख ९० हजारांवर आली, असा त्यांचा हिशेब होता. शिक्षकांना इनाम दिलेल्या करमुक्त जमिनी सरकारने काढून घेतल्या, म्हणून शाळा बुडाल्या, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. सरकारी नोकरीत राहून सरकारला असे सुनावणारे किती निघतील? जुना आकडा अंदाजाचा आहे, असा आक्षेप पुढे घेतला गेला व तो अगदीच निराधार नाही. तरीही १९३१ साली लंडनमध्ये महात्मा गांधींनी हिंदुस्थान पूर्वीपेक्षा निरक्षर झाल्याचे सांगितले, तेव्हा झालेल्या वादात लाइटनर यांचेच आकडे पुढे आले. १९८३ मध्ये धर्मपाल यांनी आपल्या ग्रंथात ते पुन्हा छापले.

१८८६ मध्ये लाइटनर यांनी नोकरी सोडली. तत्पूर्वीच लंडनजवळ वोकिंग येथे त्यांनी एक मोठी इमारत घेऊन प्राच्यविद्येची संस्था सुरू केली होती. तेथे पौर्वात्य भाषा शिकविल्या जात व अरबी-संस्कृत ग्रंथ छापले जात. आपापला धर्म पाळून विद्यार्थ्यांना राहता यावे, अशी त्यांची कल्पना होती. १८८९ मध्ये भोपाळच्या नवाब शाहजहाँ बेगम यांच्या देणगीतून तेथे मशीद बांधली गेली. मशीद म्हणूनच बांधलेली ती इंग्लंडमधील पहिली वास्तू होय. बेगमसाहेबांचेच नाव तिला दिले आहे. एका ज्यू घराण्यातील माणसाने ती उभारावी, हे आजच्या काळात मुद्दाम सांगण्यासारखे आहे.

संस्थेकडे विद्यार्थी मात्र फारसे आले नाहीत. १८९९ मध्ये जर्मनीतील बॉन येथे लाइटनर वारले आणि संस्था बंद पडली. मशिदीकडेही कोणी पाहीना. अखेर १९१३ मध्ये ख्वाजा कमालुद्दीन हे वकील तेथे पोहोचले आणि मशिदीत पुन्हा नमाज सुरू झाली. ते आले होते लाहोरहूनच.

लाइटनर यांची कबर वोकिंगजवळच्या ब्रुकवुड दफनभूमीत आहे. मुंबईत जन्मलेले, कुराणाचे इंग्रजी भाषांतर करणारे अब्दुल्ला युसुफ अली यांनाही १९५३ साली त्याच भूमीत दफन करण्यात आले.