खसरा, जमाबंदी आणि माहिती-कोठार

नागपूर प्रदेशाच्या जुन्या महसुली कागदांतील आकडे जो अभ्यासक संगणकात साठवू पाहतो, त्याच्यापुढे पहिलाच प्रश्न उभा राहतो तो असा की, कागदावरील कोणता रकाना मोजण्याचा आणि कोणता वर्णनाचा. डेटा वेअरहाऊस, म्हणजे माहिती-कोठार, या शास्त्रात मोजण्याच्या रकान्यास ‘फॅक्ट’ आणि वर्णनाच्या रकान्यास ‘डायमेन्शन’ म्हणतात. राल्फ किंबॉल यांच्या १९९६ च्या ग्रंथाने ही परिभाषा सर्वत्र प्रसृत झाली. प्रस्तुत लेखात त्यांस अनुक्रमे तथ्य आणि मिती असे म्हटले आहे. हा भेद रकान्यात अंक आहे की अक्षर आहे यावर अवलंबून नसतो, हे येथे दाखवावयाचे आहे.

पटवाऱ्याचा खसरा घ्यावा. त्यात शेताचा नंबर, कास्तकाराचे नाव, जमिनीचा प्रकार, क्षेत्र आणि पीक यांच्या नोंदी आढळतात. शेताचा नंबर हा अंक खरा. परंतु दोन नंबरांची बेरीज निरर्थक होय. तो केवळ ओळख पटविणारा, म्हणून मितीचा. क्षेत्र मात्र तथ्य होय. तथापि तेही सर्वत्र बेरजेस पात्र नाही. शेताशेतांचे क्षेत्र मिळविता येते, वर्षावर्षांचे नाही. त्यातही एकाच शेतात खरीप आणि रब्बी अशी दोन पिके निघाली, आणि नोंद पीकवार केली, तर तीच जमीन दोनदा मोजली जाते. म्हणून एक ओळ म्हणजे एक शेत की एका शेतातील एक पीक, हे आरंभीच निश्चित केले पाहिजे. तथ्याची व्याख्या या निश्चयानंतरच करता येते.

याहून बोधप्रद उदाहरण बंदोबस्ताच्या पद्धतीचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात मध्यप्रांतात जे. बी. फुलर यांनी जमिनीचा कस अंकांत मांडण्याची रीत घातली. काळी, मोरंड, खरडी, बरडी अशा प्रत्येक प्रकारास, तिच्या स्थितीचा विचार करून, एक गुणांक दिला जाई. क्षेत्रास त्याने गुणिले की त्या शेताची ‘युनिटे’ निघत. पुढे रेजिनाल्ड क्रॅडॉक यांनी नागपूर जिल्ह्याचा बंदोबस्त केला, तोही याच चौकटीत. येथे जमिनीचा प्रकार ही मिती; गुणांक अंकरूप असूनही त्या मितीचाच गुण; युनिटे हे बेरजेचे तथ्य; आणि दर युनिटामागे पडणारा सारा हे गुणोत्तर. गावागावांच्या अशा दरांची नुसती सरासरी काढणे चुकीचे होय. एकूण सारा आणि एकूण युनिटे स्वतंत्र मिळवून मग भागाकार केला पाहिजे.

मितीचा दुसरा धर्म असा की, ती काळाबरोबर पालटते. १८६२ मध्ये नागपुरातून वर्धा जिल्हा निघाला. ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली. १९५६ मध्ये नागपूर मुंबई राज्यात आले आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. या शेवटच्या फेरबदलाचा परिणाम पाहा: भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १९९१ च्या जनगणनेत सुमारे २१ लाख, तर २००१ मध्ये सुमारे ११ लाख. भंडारा हे नाव एकच धरून दोन्ही आकडे शेजारी मांडल्यास दहा वर्षांत निम्मी वस्ती नाहीशी झाल्याचा भास होतो. वस्तुतः दोन्ही जिल्हे मिळून ती २३ लाखांवर गेली होती.

अशा बदलाच्या नोंदीसाठी किंबॉल यांनी सांगितलेले तीन मार्ग सर्वपरिचित आहेत: जुने मूल्य पुसून नवे लिहावे, नवी ओळ घालून दोहोंस कालमर्यादा द्यावी, किंवा जुने मूल्य शेजारच्या रकान्यात ठेवावे. व्यापारी कोठारात पहिला मार्ग काही ठिकाणी पुरतो. इतिहासाच्या अभ्यासकास तो, लेखनदोषाची दुरुस्ती सोडल्यास, वर्ज्यच मानला पाहिजे. मालगुजाराच्या जागी आजचा भूधारक लिहिला की १९५१ पूर्वीचा सारा कोणी कोणामार्फत भरला, हा प्रश्नच विचारता येत नाही. आकडा तसाच राहतो; त्याचा अर्थ मात्र जातो.

सबब, दप्तर संगणकात घालण्यापूर्वी प्रत्येक रकान्याविषयी तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात: त्याची बेरीज होते काय, कोणत्या दिशेने होते, आणि त्याचे वर्णन कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत खरे होते. पुढच्या संशोधकास मूळ खसरा पुन्हा उघडावा लागेल की नाही, हे या टिपणावरच ठरेल.