मिठाच्या वाटेवर, शके १७९०

अंचलेश्वर दरवाज्यातून आत शिरताना तोंडावर उपरणं धरा. शके १७९० चा चैत्र आहे, इंग्रजी हिशेबाने १८६८ चा एप्रिल, आणि तुमच्या पुढे बंजाऱ्यांचा तांडा चालला आहे. धूळ एवढी की शेवटचा बैल दिसतो आणि पहिला फक्त घुंगरांनी कळतो. प्रत्येकाच्या पाठीवर दोन्ही अंगांना गोणी, गोणीत मीठ. पूर्व किनाऱ्यावरच्या मिठागरांतून निघालेलं हे मीठ जंगल तुडवत चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, पोचलं आहे. दरवाज्याबाहेर झरपटीच्या काठी महाकालीची जत्रा भरली आहे, निजामाच्या मुलखातून आलेले भाविक नदीत अंघोळी करताहेत. तुम्ही तांड्यामागे चला. मीठ जिथे उतरेल तिथे तुमचा सावकार.

त्याचं नाव विचारू नका. कोमटी आहे, आडनावाच्या शेवटी ‘वार’ आहे, एवढं पुरे. ह्या जिल्ह्याच्या इतिहासात गोंड राजांची नावं आहेत, बंडवाल्यांची आहेत, इंग्रज साहेबांची तर आहेतच. ज्यांच्या दुकानातून सगळ्यांचं मीठ गेलं त्यांची नावं शोधायची तर खतावण्या उघडाव्या लागतील, आणि त्या वाळवीने आधीच वाचून काढल्या आहेत.

ओसरीवर बसा. गादी, तक्क्या, पुढे रोजकीर्द, दौतीत बोरू. सावकार तांड्याच्या नाईकाशी हिंदी बोलतो, कुणब्याशी मराठी, आतल्या दाराकडे वळला की तेलुगू. आतल्या दारात त्याची आई बसली आहे, सगळं घर तिला अव्वा म्हणतं. पहिली गोणी उसवली की चिमूटभर मीठ तिच्या तळहातावर ठेवायचं, हा रिवाज. ती बोटाने चोळते, जिभेला लावते आणि एवढंच म्हणते, ‘‘ओल आहे. तूट धरा.’’ नाईक कपाळावर हात मारतो. तूट किती धरायची ह्यावर तासभर हुज्जत चालेल. तोवर तुम्हाला आतून भात आणि चिंचेचं चारू येईल. खा. ह्या घरात मांसमच्छी शिजत नाही, देव्हाऱ्यात कन्यका परमेश्वरी आहे.

वाढणारी बाई सावकाराची बायको, आणि त्याच्या मामाची मुलगीही. कोमट्यांत मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क. तुम्ही भुवया उंचावाल, पण आधी तिचं माहेर विचारा : सिरोंचा. चांद्याहून आठ-दहा मुक्काम दक्षिणेला, प्राणहिता गोदावरीला मिळते तिथे. सावकाराला तिकडे मुनीम ठेवायची गरज नाही, सासरा आहे. सिरोंच्यात उतरलेल्या मालाचे पैसे चांद्यात वळते होतात, मधल्या जंगलातून रोकड न्यावी लागत नाही. थोरली मुलगी आरमोरीला दिली आहे, तिकडे कोशाचा व्यापार. नकाशावर ही घरं जोडलीत तर पेढीच्या शाखा दिसतील. भांडवल बाहेर जात नाही, आणि बुडालेल्या भावाला उभं करायला कोर्टात जावं लागत नाही. बदल्यात मुलींना कोणी काही विचारत नाही. अव्वालाही कधी विचारलं नव्हतं; आज तिच्या जिभेवाचून गोणी आत जात नाही.

आता आठ मुक्काम ओलांडून, प्राणहितेपलीकडच्या जंगलातल्या बाजाराला या. सिरोंचा सध्या वेगळ्या जिल्ह्याचं ठाणं आहे. ‘अप्पर गोदावरी’ असं त्याचं नाव, १८७४ मध्ये तो चांद्याला जोडला जाईल. मोहाचा हंगाम सरत आला आहे, वास अजून हवेत आहे. झाडाखाली सावकाराचा मेहुणा मीठ घेऊन बसला आहे. माडिया माणसं पहाटेच येऊन थांबली आहेत, बायकांच्या डोक्यावर टोपल्या, टोपल्यांत चारोळी, लाख, मध, मेण. ह्या जंगलात बहुतेक सगळं मिळतं, मीठ तेवढं मिळत नाही. सगळा व्यापार ह्या एका उणिवेवर उभा आहे. मेहुणा पायली पुढे करतो. चारोळी पायलीभर, शीग लावून. मीठ पायलीभर, शीग न लावता. बरोबरीचा सौदा म्हणतात ह्याला!

तुम्हाला राग येईल, यायलाच हवा. पण वहीचं दुसरं पानही बघा. बैल वाघाने नेलेला, नदीच्या उताराला गोण्या भिजून मिठाचं पाणी झालेलं, सोबतचा गडी तापाने गेलेला. मेहुण्याला विचारलंत तर तो ह्याच पानावर बोट ठेवेल. मला त्याचा हिशेब पटत नाही. जोखीम खरी होती म्हणून माप खरं ठरत नाही. आणि ते माप फार टिकलं. शंभरावर वर्षांनी, १९७३ च्या डिसेंबरात बाबा आमट्यांचा लोकबिरादरी प्रकल्प हेमलकशात सुरू झाला, तेव्हाही त्या भागात चारोळी मिठावरच जात होती.

बाजारात एक गोष्ट दबक्या आवाजात निघते. दहा वर्षांपूर्वी मोलमपल्लीच्या बाबुराव शेडमाक्यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला, चिचगुंडीला तारखात्याचे दोन गोरे मारले गेले. २१ ऑक्टोबर १८५८ ला बाबुरावांना चांद्याच्या तुरुंगात फाशी दिलं. मेहुणा एवढंच सांगतो, की त्या साली बाजार भरले नाहीत. व्यापाऱ्याची आठवण अशीच असते.

परत फिरा, पण शहरात शिरण्याआधी लालपेठेकडे वळा, सावकार तिथे थांबला आहे. उघड्या रानात अजस्र दगडी मूर्ती पडल्या आहेत. गणपती, शिवलिंग, आणि साधारण २५ फूट लांबीची दहा तोंडांची दुर्गा. येणारे-जाणारे तिला रावणच म्हणतात. गोंड राजांच्या काळी रायप्पा नावाच्या कोमट्याने देवळासाठी ह्या घडवून घेतल्या, असं परंपरा सांगते. देऊळ झालंच नाही. सावकाराला तुम्ही विचारता, एवढा पैसा त्याने कशातून केला असेल? तो तुमच्याकडे बघतो, हा काय प्रश्न झाला, अशा नजरेने. मग दुर्गेच्या खांद्यावर थाप मारून म्हणतो, ‘‘पैसा केला ते सोडा जी. गोट्यात घातला, थे पाहा. गोटा इकता येत नाही.’’ राजांनी परकोट बांधला, वाण्याने देवळाचं मनावर घेतलं, आणि दोन्हींत अडकलेला पैसा पुन्हा बाजारात आला नाही, एवढाच त्याचा मुद्दा.

हे त्याच्या मनात येण्याचं कारण ताजं आहे. अमेरिकेतल्या यादवीमुळे विलायतेत कापूस पोचेना, तेव्हा इकडचा कापूस सोन्याच्या भावाने गेला. धाकट्या भावाने वरोऱ्याला गाठीच्या गाठी भरल्या. १८६५ मध्ये युद्ध थांबलं, भाव कोसळला. तो तोटा अजून खतावणीत ओढला जातो आहे. त्यात गोदावरीचं निराळंच. सर आर्थर कॉटन ह्या इंजिनियराच्या कल्पनेप्रमाणे नदीतले खडक फोडून, बाजूने कालवे काढून, समुद्रापासून वर्धेपर्यंत आगबोटी आणायचं काम चालू आहे. सिरोंच्याचा सासरा म्हणतो, त्यात पैसा घाला, घाटावर वखार बांधा. १८७१ मध्ये सरकार हे सगळं गुंडाळणार आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. सांगू नका. सांगितलंत तरी सासरा ऐकणाऱ्यातला नाही.

सावकाराला खरी धास्ती तिसऱ्याच गोष्टीची आहे. गेल्या साली मुंबईची आगगाडी नागपूरला पोचली. मुंबईकडचं मीठ डब्यात बसून नागपुरात उतरेल, तर किनाऱ्यापासून बैल कोण हाकणार? नाईकाच्या तोंडावर त्याने आज तूट जास्त धरली ती नुसत्या ओलीमुळे नव्हे. लांबच्या वाटेचे पैसे तो घेत आला आहे, आणि वाट आखडते आहे. खूप वेळ तो बोटांवर काही मोजतो. तुम्ही पुढच्या काळातून आला आहात हे त्याने केव्हाच ओळखलंय, व्यापाऱ्याला गिऱ्हाइकाचं मूळ लगेच कळतं.

‘‘एक सांगा जी,’’ तो विचारतो, ‘‘हे आगगाडी सिरोंचाले कधी जाईन?’’

तुम्ही खरं ते सांगता. कोळशासाठी वरोऱ्याला जाईल, मग चांदा, बल्लारपूर. गोंदियाकडून येणारा फाटा गडचिरोलीच्या कडेला देसाईगंजाला शिवेल. सिरोंच्याला दीडशे वर्षांनंतरही गेलेली नाही.

सावकार कानावरचा बोरू काढतो. ‘‘मंग तं तिथली गादी मोडत नाही,’’ म्हणतो, आणि सासऱ्याला पत्र लिहायला बसतो : वखार बांधू नये, मीठ भरून ठेवावे.