तेरेखोलची चित्रं कुठं जातात?

तेरेखोलवर लिहायला बसलं की लढाया आणि तहांबद्दल पुष्कळ सापडतं. १७४६ साली पोर्तुगीज व्हाइसरॉय मार्किस द आलोर्ना याने हा कोट सावंतवाडीकरांकडून घेतला. बाकी पेडणे महाल पोर्तुगिजांकडे कायमचा गेला तो १७८८ मध्ये, म्हणजे नदीच्या उत्तरेचा हा चिमुकला तुकडा दक्षिणेच्या पेडण्यापेक्षा चाळीसेक वर्षं आधी पोर्तुगीज झाला. आजही गोव्याच्या नकाशात तो नदीपलीकडे एकटा पडलेला दिसतो. केरीहून फेरीबोटीने जा, नाहीतर महाराष्ट्रातून वळसा घालून या.

पण गावातल्या माणसाला हे गाव कसं दिसत होतं, याचं चित्र विचाराल तर हात रिकामे. चित्रं काढली ती बहुतेक बाहेरच्यांनी. लष्करी इंजिनियर आले, त्यांनी तटबंदीचे आराखडे केले. लोपिश मेंदिश नावाचा पोर्तुगीज कृषितज्ज्ञ १८६० च्या दशकात गोवाभर हिंडला आणि १८८६ साली त्याचा दोन खंडांचा सचित्र ग्रंथ निघाला. देवळं, किल्ले, घरं, माणसं असं बरंच काही त्यात आहे. काम मोलाचं, पण नजर पाहुण्याची.

मग गावातल्यांनी काहीच रेखाटलं नाही का? रेखाटलं. शाळेतल्या पोरांनी रेखाटलं आणि ते स्पर्धेला गेलं. मुलांची चित्रं परीक्षकांपुढे पाठवण्याची ही रीत आली कुठून, आणि ती चित्रं पुढं जातात कुठं, एवढंच मला इथं मांडायचं आहे.

आपल्याकडे परीक्षक नेमून चित्रं निवडण्याची चाल मुंबईहून आली. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ ची. सुरुवातीला कारभार युरोपियनांच्या हातात, आणि चांगलं चित्र कोणतं हेही तेच ठरवणार. गोव्यात तेव्हा कलाशाळा नव्हती. ज्याला शिकायचं त्याने मुंबई गाठायची आणि जे. जे. स्कूलमध्ये नाव घालायचं. सांग्यात १८७० साली जन्मलेले आंतोनियो शावियर त्रिंदाद असेच गेले, तिथंच शिक्षक झाले, आणि १९२० मध्ये त्यांना सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. मडगावात जन्मलेले दीनानाथ दलाल पुढच्या पिढीतले, तेही जे. जे. चेच. गोव्याचं स्वतःचं कला महाविद्यालय निघालं ते १९७२ साली, म्हणजे मुक्तीनंतर अकरा वर्षांनी. तोवर गोव्याच्या चित्राला शाबासकी हवी तर ती मुंबईतूनच यायची.

परीक्षकांशी भांडणंही जुनीच. १९४७ साली के. एच. आरांचं स्वातंत्र्याच्या मिरवणुकीचं मोठं चित्र सोसायटीने नाकारलं आणि त्या रागातून प्रोग्रेसिव्ह ग्रुपची जुळवाजुळव झाली, असं सांगतात. त्या ग्रुपचा पुढारी आमच्या साळगावचा फ्रान्सिस न्यूटन सूझा.

हे झालं मोठ्यांचं. शाळकरी मुलांच्या वाट्याला आल्या त्या ग्रेड परीक्षा. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट हे शब्द कोकणातल्या कुठल्याही हायस्कुलात मोडी-बाराखडीइतके रुळलेले. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. तांब्या नीट उभा आहे का, त्याची कड दोन्ही बाजूंनी सारखी आहे का, सावली एकाच अंगाला पडली आहे का, हे तिथं बघतात. हात तयार होतो, यात वाद नाही. पण रेडीचा मुलगा आणि नागपूरचा मुलगा यांचा तांब्या एकसारखाच यायला हवा, ही त्यातली अट.

याच्या अगदी उलट विचार व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक या शिक्षकाने मांडला होता. १८९७ पासून त्याने मुलांचे वर्ग चालवले. मुलाचं चित्र म्हणजे मोठ्यांच्या चित्राची कच्ची नक्कल नव्हे, ती स्वतंत्र कला आहे, असं त्याचं म्हणणं. आपल्याकडे हा वारा घरोघरी पोचवला व्यंगचित्रकार शंकर यांनी. १९४९ साली त्यांनी मुलांसाठी चित्रस्पर्धा सुरू केली, लगेच पुढच्या वर्षापासून इतर देशांतली मुलंही त्यात आली. इथं तांब्याची कड कोणी मोजत नव्हतं. मुलाने स्वतः काढलंय ना, हे महत्त्वाचं. म्हणून अशा स्पर्धांच्या अर्जावर मुख्याध्यापकांची सही लागते: वय बरोबर आहे, चित्र मुलाचंच आहे.

अर्जावरच्या त्या वाक्याने गावोगावच्या मास्तरांची परीक्षा घेतली आहे. अर्ज भरायला मदत म्हणून मी कधीमधी बसतो, तेव्हाचा एक कागद सांगतो. एका मुलाने फेरीबोट काढली होती. नदी मधोमध, खालच्या अंगाला केरीची सुरूची झाडं सरळ उभी, आणि वरच्या अंगाला तेरेखोलचा कोट चक्क उलटा. बाईंनी खोडरबर उचललंच होतं. मी म्हटलं, बाई, कागद फिरवून बघा. केरीहून बघाल तर केरी सरळ, तेरेखोलहून बघाल तर तेरेखोल सरळ. जो रोज दोन्ही धक्क्यांवर उतरतो त्याने नदी अशीच काढायची. बाई हसल्या, रबर ठेवून दिलं. चित्र गेलं तसंच. बक्षीस मिळालं की नाही हा मुद्दा नाही. चित्र गेलं ते गेलंच, हा मुद्दा आहे.

पुष्कळ स्पर्धांच्या नियमांत शेवटी एक ओळ असते: आलेली चित्रं परत केली जाणार नाहीत. आयोजकांना दोष देण्यात अर्थ नाही. हजारो कागद टपालाने परत पाठवणं कोणाला परवडणार? पण गावाच्या बाजूने हिशेब करून बघा. प्रमाणपत्र भिंतीवर लागतं, आणि ज्याच्यासाठी ते मिळालं ती गोष्ट गावात नसते. २०१४ च्या सुमारास गोल्फ मैदानाच्या प्रकल्पावरून तेरेखोल पेटलं होतं. काजूच्या बागा, कुळांचे हक्क, होऊ घातलेला पूल, सगळं कोर्टापर्यंत गेलं. वकिलांची कागदपत्रं राहतील. त्या वर्षी आठ वर्षांच्या पोराने काजूची बाग काढली असेल, ती कुठं बघणार?

शेजारी पिंगुळीला उलटं उदाहरण आहे. तिथल्या ठाकर घराण्यांनी चित्रकथीच्या पोथ्या पिढ्यान्‌पिढ्या बासनात जपल्या. एक एक चित्र दाखवत गोष्ट सांगायची आणि परत बांधून ठेवायचं. कोणाही परीक्षकाने त्यांना निवडलं नव्हतं. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती पुष्कळ उशिरा; मुळात चित्रं घरात होती म्हणून सन्मान करायला काही उरलं.

आणखी एक अडचण लांबच्या परीक्षकाची. ‘स्वातंत्र्यदिन’ हा विषय ठरलेला, आणि देशभरातून किल्ला आणि वर तिरंगा अशी ढीगभर चित्रं येतात. परीक्षक कंटाळून बाजूला ठेवणार, त्यात त्यांचं चुकतं असंही नाही. पण तेरेखोलच्या मुलाचा किल्ला आणि तिरंगा म्हणजे साचा नव्हे. १५ ऑगस्ट १९५४ रोजी गोमंतकीय सत्याग्रही याच कोटात शिरले आणि पोर्तुगीज राजवटीत त्यांनी इथं तिरंगा फडकवला. मग ते पकडले गेले. पोरं ही गोष्ट ऐकत वाढतात. रंग तेच तीन, पण चित्र दुसरंच. चित्रामागे दोन ओळी नसतील तर दिल्लीतल्या माणसाला हे कळणार कसं?

म्हणून मंडळाच्या सभासदांना आणि पेडणे-सावंतवाडीकडच्या शिक्षकांना माझं सांगणं अगदी साधं आहे. स्पर्धेला चित्र जरूर पाठवा. पाठवण्याआधी मोबाईलने दिवसाउजेडी सरळ फोटो काढा, पुढून एक आणि मागून एक. मुलाला विचारा, हे काय आहे, हे कुठून बघितलंस; आणि त्याचं उत्तर त्याच्याच बोलीत लिहून ठेवा, कोंकणी असो की मालवणी, सुधारू नका. वाडी, इयत्ता, महिना आणि साल घाला. फोटो मंडळाकडे देताना नाव मात्र घरच्यांना विचारूनच लावा. आणि जमलं तर त्याच मुलाकडून आणखी एक काढून घ्या, बक्षिसासाठी नव्हे, शाळेच्या कपाटासाठी. दुसरं पहिल्यासारखं होणार नाही. कोट कदाचित सरळ होईल, फेरीबोट मोठी होईल. दोन्हींवर तारीख असली म्हणजे झालं.