‘जगायला जाणे’ ते ‘फिरायला जाणे’ : सांगोल्याहून समुद्राकडे

१/ शुक्रवारी संध्याकाळी काम आटोपून सांगोल्याहून निघावे, कोल्हापुरात मुक्काम करावा, शनिवारी पहाटे आंबा घाट उतरून रत्नागिरी गाठावी आणि रविवारी रात्री घरी परतावे. एका बाजूचे अंतर सुमारे पावणेतीनशे किलोमीटर. आज हा बेत अगदी साधा वाटतो. परंतु तो साधा होण्यासाठी दीडशे वर्षे लागली. त्या दीडशे वर्षांची ही कथा.

२/ सहलीला तीन गोष्टी लागतात : सवड, वाट आणि हौस. यांपैकी एकही गोष्ट माणसाला आपोआप मिळालेली नाही. सवडीसाठी लढा द्यावा लागला, वाट बांधावी लागली आणि समुद्राकाठी नुसते बसून राहण्याची हौस तर एका दूरच्या, ढगाळ देशातून आली.

३/ प्रथम गाव. सांगोला हा माण नदीच्या खोऱ्यातला, माणदेशाचा भाग. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर रिते होतात आणि त्यापलीकडचा हा पट्टा पर्जन्यछायेत राहतो. रत्नागिरीत वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सांगोल्याला पाचशे मिलिमीटर पडला तरी ते वर्ष बरे म्हणायचे.

४/ म्हणून हे गाव इतिहासात नगण्य होते, असे मात्र नाही. आदिलशाही काळात येथे किल्ला होता. सप्टेंबर १७५० मध्ये छत्रपती रामराजे आणि पेशवे यांच्यातील प्रसिद्ध ‘सांगोला करार’ येथेच झाला आणि मराठी राज्याचा कारभार साताऱ्याहून पुण्याच्या हाती गेला. पेठ इतकी संपन्न होती की लोक ‘सोन्याचे सांगोले’ म्हणत. १८०२ मध्ये होळकरांच्या पठाणांनी ती लुटली.

५/ आता वाट. देश आणि कोकण यांच्यातील दळणवळण फार जुने आहे. दाभोळ हे बहमनी व पुढे आदिलशाहीचे मोठे बंदर, तर राजापूर ही समृद्ध व्यापारपेठ. कुंभार्ली, आंबा, अणुस्कुरा अशा घाटांतून बैलांचे तांडे चढत-उतरत. मीठ, नारळ, सुकी मासळी वर येई; धान्य आणि कापड खाली जाई.

६/ या घाटांतून कोण जात असे? लमाण, व्यापारी, सैनिक, हेर, बंदरावरून जहाज पकडणारे हाजयात्री. प्रत्येकाच्या पाठीवर ओझे किंवा मनात निकड असे. केवळ समुद्र पाहण्यासाठी घाट उतरणारा शेतकरी शोधू गेल्यास सापडणे कठीण.

७/ याचा अर्थ लोक प्रवास करीत नव्हते, असा नाही. पंढरपूर सांगोल्याहून जेमतेम तीस किलोमीटर. वारी, जत्रा, कुलदैवताचे दर्शन यांसाठी माणसे पायी मैलोन्‌मैल जात, आणि त्यात आनंदही असे. मात्र त्या आनंदाला धर्मकार्याचे निमित्त लागे. बिननिमित्त भटकणे हे रिकामटेकडेपणाचे लक्षण मानले जाई.

८/ १९२७ मध्ये सांगोल्याला आगगाडी आली. बार्शी लाईट रेल्वे ही एव्हरर्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने उभी केलेली अडीच फुटी अरुंद रुळांची गाडी. १८९७ मध्ये बार्शीपासून सुरुवात झाली, १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोहोचली आणि १९२७ मध्ये पुढे मिरजेपर्यंत गेली. तिचा मोठा आधार पंढरीचे यात्रेकरू आणि शेतमाल. गाव जगाशी जोडले गेले, पण समुद्राशी नव्हे. सह्याद्री मध्ये उभाच होता.

९/ माणदेशी माणसाच्या मोठ्या प्रवासाला एक वेगळाच शब्द होता : ‘जगायला जाणे’. पाऊस दगा देई, विहिरी आटत, वैरण संपे. मग घराला कडी घालून, जनावरे सोडून किंवा विकून कुटुंबे बाहेर पडत. १८७६-७८ च्या महादुष्काळाने दख्खनच्या या भागाची अशीच वाताहत केली. त्या काळात प्रवास म्हणजे सुखाचा शोध नव्हता; घर मोडल्याची ती खूण होती.

१०/ यांतील कित्येकांच्या वाटा अखेर मुंबईला पोहोचत. म्हणजे माणदेशी माणूस समुद्राकाठच्या शहरात गेला होता, परंतु मजूर म्हणून. गिरणीचे काम सूर्योदयाला सुरू होई आणि सूर्यास्ताला संपे. समुद्र चार पावलांवर असूनही त्याच्याकडे पाहायला दिवस उरत नसे. आठवड्याची ठरलेली सुटी हा प्रकारच नव्हता.

११/ येथे सवडीचा इतिहास सुरू होतो. महात्मा फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे गेले. पहिली मागणी होती : आठवड्यातून एक दिवस सुटी द्या.

१२/ सुटी रविवारीच का? लोखंडे यांची भूमिका मार्मिक होती. रविवार हा ख्रिस्ती साहेबाचा प्रार्थनेचा दिवस असेल. परंतु तो बहुजनांच्या खंडोबाचाही वार आहे. म्हणून ही सुटी साहेबाची नक्कल नव्हे, आपल्याच दैवताचा दिवस आहे. कामगाराला आपलीशी वाटेल अशी ही मांडणी होती.

१३/ २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मी येथे सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी साप्ताहिक सुटी मान्य केली आणि १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने तिला आधार दिला. आजचा ‘वीकेंड’ ज्या रविवारवर उभा आहे, तो असा मिळाला.

१४/ मात्र कारखान्यातला रविवार शेतात पोहोचला नाही. दुभत्या जनावराला सुटी नसते. शेतकऱ्याची विश्रांती बेंदूर, जत्रा आणि आठवडी बाजार यांत विखुरलेली होती. सांगोल्याचा गंमतीशीर विरोधाभास असा की येथील जनावरांचा प्रसिद्ध बाजार भरतो तोच रविवारी. खिलार बैलांची पारख करणाऱ्यांसाठी आठवड्यातला सर्वांत धावपळीचा दिवस हाच.

१५/ शनिवारची जोड तर अगदी अलीकडची. महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला तो २९ फेब्रुवारी २०२० पासून. तहसील कचेरीतील कर्मचाऱ्याला शुक्रवारी संध्याकाळी निघता येते ते यामुळे. दुकानदार, शेतकरी, शेतमजूर यांना ही सोय आजही नाही.

१६/ वाटेचाही दुसरा अध्याय दुष्काळाने लिहिला. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर लाखो माणसे खडी फोडायला आणि माती वाहायला उभी राहिली. त्या अनुभवातून रोजगार हमी योजना आकाराला आली. तिचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागेल त्याला काम, हा त्याचा गाभा. हेतू हाच की माणसाला जगण्यासाठी गाव सोडावे लागू नये.

१७/ या कामांतून पाझर तलाव, नालाबांध झाले आणि वाड्या-वस्त्यांना जोडणारे कितीतरी रस्तेही झाले. आज ज्या वाटेने गाडी वस्तीवरून मोठ्या रस्त्याला लागते, तिची खडी कदाचित अशाच एखाद्या आजीने फोडलेली असेल, जिने स्वतः समुद्र कधी पाहिला नाही.

१८/ पुढे पैसा आला तो डाळिंबातून. १९९० मध्ये रोजगार हमीला फळबाग लागवडीची जोड मिळाली आणि हलक्या, मुरमाड रानांतही बागा उभ्या राहिल्या. २८ डिसेंबर २०२० रोजी देशातील शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून पश्चिम बंगालमधील शालीमारकडे निघाली. दुष्काळी म्हणून ओळखल्या गेलेल्या गावातून आता माणसांऐवजी फळे दूरदेशी जात होती.

१९/ राहिली हौस. ‘सोनेरी उन्हाचा समुद्रकिनारा’ ही कल्पना मुळात आपली नव्हे. अठराव्या शतकाच्या मध्याला रिचर्ड रसेल या इंग्रज डॉक्टरने समुद्रस्नान हे औषध म्हणून सांगितले आणि ब्रायटन हे मासेमारीचे गाव श्रीमंतांचे आरोग्यस्थान बनले. त्याच ब्रायटनमध्ये पाटण्याच्या शेख दीन महंमद यांनी स्नानगृह काढून इंग्रजांना चंपीची गोडी लावली. ‘शाम्पू’ हा शब्द त्याच चंपीचा.

२०/ तेव्हाही ऊन अंगावर घेणे प्रतिष्ठेचे नव्हते. रापलेली कातडी म्हणजे शेतमजुराची खूण. चित्र बदलले ते विसाव्या शतकात. १९०३ मध्ये प्रकाशोपचारासाठी नील्स फिन्सेन यांना नोबेल पारितोषिक मिळाले, स्वित्झर्लंडमध्ये क्षयरोग्यांना सूर्यस्नान देणारी आरोग्यधामे निघाली आणि गिरण्यांच्या धुरात कोंडलेल्या युरोपला ऊन हे औषध व चैन दोन्ही वाटू लागले.

२१/ हिंदुस्थानातील इंग्रजांची तऱ्हा नेमकी उलटी. त्यांना येथील उन्हापासून पळायचे होते, म्हणून महाबळेश्वर आणि माथेरान वसले. सांगोल्याच्या माणसालाही उन्हाचे अप्रूप नाही. ते त्याच्या अंगणात बारमाही पडलेले असते. तो समुद्राकडे जातो तो पाणी आणि हिरवाई पाहायला. नजर पोहोचेल तिथवर पाणी, हेच त्याला नवल. जाहिरातीची भाषा सर्वत्र एकच असली तरी प्रत्येक मुलखाची ओढ निराळी असते.

२२/ आणि ज्या शहराकडे तो निघाला आहे, त्याचा भूतकाळही विश्रांतीचा नाही. एका बाजूला सह्याद्री, दुसऱ्या बाजूला समुद्र, त्यामुळे रत्नागिरी ही इंग्रजांना माणसे अडकवून ठेवण्यास सोयीची जागा वाटली. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा १८८६ मध्ये येथे आणला गेला. तीस वर्षे स्थानबद्धतेत काढून १९१६ मध्ये तो येथेच वारला. ज्या वाड्याला लोक आज तिकीट काढून भेट देतात, तो एका बंदिवान राजाचा मुक्काम होता.

२३/ १९२४ मध्ये विनायक दामोदर सावरकरांनाही याच जिल्ह्यात स्थानबद्ध केले गेले. ते बंधन १९३७ पर्यंत राहिले. त्या काळात, १९३१ मध्ये, दानशूर भागोजीशेठ कीर यांच्या साहाय्याने सर्व जातींसाठी खुले पतितपावन मंदिर उभे राहिले.

२४/ खुद्द कोकणी माणसाच्या नशिबीही ‘जगायला जाणे’ होतेच. तेथे पाऊस उदंड, पण शेतीचे तुकडे लहान. घरटी एक-दोन माणसे बोटीने मुंबईला जात आणि गणपती-शिमग्याला परतत. त्यांचेच नाव चाकरमानी. माणदेशी आणि कोकणी, दोघे एकाच गिरणीत भेटले. एकाला पावसाच्या अभावाने तेथे आणले, दुसऱ्याला जमिनीच्या.

२५/ १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली. रत्नागिरी-नागपूर महामार्गाने सांगोला, मिरज, कोल्हापूर आणि रत्नागिरी एका सूत्रात ओवली. ज्या दुर्गमतेमुळे रत्नागिरी कैदखाना ठरली होती, ती ओसरली आणि शहर पर्यटकांसाठी खुले झाले.

२६/ या इतिहासासह बेत आखायचा तर असा आखावा. शनिवारी सकाळी रत्नदुर्ग : तीन बाजूंनी समुद्र, आत भगवतीचे मंदिर. दुपारी लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान आणि पतितपावन मंदिर. संध्याकाळी मांडवी किंवा भाट्ये किनारा. रविवारी सकाळी थिबा राजवाडा आणि दुपारच्या आत परतीची वाट, म्हणजे आंबा घाट उजेडी चढून होतो.

२७/ नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात घाटात धुके दाटते आणि समुद्र खवळलेला असतो. विहिरीत पोहायला शिकलेल्या माणसाने समुद्राला विहीर समजू नये. ओढ पायाखालची वाळू काढून नेते. भरती-ओहोटीची वेळ स्थानिकांना विचारावी आणि त्यांनी ‘नको’ म्हटले की पाण्यात उतरू नये.

२८/ दोन दिवसांच्या या सहलीत लोखंडे यांचा रविवार आहे, खडी फोडणाऱ्यांचा घाम आहे, डाळिंबाचा पैसा आहे. तरी कथा पूर्ण झालेली नाही. ऊसतोडीच्या हंगामात माणदेशातून आजही बिऱ्हाडे निघतात. शुक्रवारी संध्याकाळी एकाच रस्त्यावर एक गाडी फिरायला निघालेली असते आणि एक ट्रॅक्टर जगायला. दोन्हींच्या मुलांना समुद्र सारखाच आवडेल. त्या ट्रॅक्टरमधल्या मुलांना तो हट्ट धरण्याइतकी सवड मिळेल, तेव्हा या इतिहासाचे पुढचे पान लिहिले जाईल.