वनगस्त, बदलापूर-अंबरनाथ परिसर

वनगस्त : वनरक्षकाने नेमून दिलेल्या जंगलात पायी फिरून ठेवलेली राखण. एका वनरक्षकाच्या वाट्याला येणाऱ्या तुकड्याला कागदोपत्री नियतक्षेत्र म्हणतात, बोलताना सगळे ‘बीट’ म्हणतात. त्याच्यावर वनपाल आणि वनपालावर वनपरिक्षेत्र अधिकारी अशी उतरंड असते. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही शहरे आज एकमेकांना चिकटली आहेत. त्यांच्या एका अंगाला बारवी धरणाकडचे रान आहे, दुसऱ्या अंगाला मलंगगड, टाहुली आणि चंदेरीचे डोंगर. लोकलमधून उतरलेला माणूस तासाभरात बिबट्याच्या वाटेवर पोचू शकतो, अशा जागी ही गस्त चालते.

मुंबई इलाख्यात 1847 साली डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. 1854 साली रेल्वे कल्याणला आली आणि 1856 साली बदलापूरवरून खोपोलीपर्यंत गेली. स्लीपरांना आणि सरपणाला लाकूड हवे होते, त्यामुळे सरकारचे जंगलाकडे बारीक लक्ष गेले. 1878 च्या कायद्याने राखीव वनांची हद्द आखली जाऊ लागली आणि गावकऱ्याला ‘जंगलखात्याचा माणूस’ रोज भेटू लागला.

हा माणूस लाकूडचोरापेक्षा शेतकऱ्यावरच अधिक नजर ठेवून होता, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. भांडणाचे मूळ राबात होते. ठाणे जिल्ह्यात भाताचे रोप टाकण्याआधी जमीन भाजतात, तोच राब. ऐन-किंजळाच्या डहाळ्या, त्यावर गवत, शेण आणि वर मातीचा पातळ थर असे रचून उन्हाळ्याच्या अखेरीस पेटवून देतात. डहाळ्या तोडायला बंदी आली की पुढच्या भाताचाच प्रश्न उभा राही. ठाणे-कुलाब्यात तक्रारी इतक्या वाढल्या, की सरकारला 1885 साली मुंबई वन आयोग नेमावा लागला. त्याच्या दोनच वर्षे आधी जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्याच्या जाचाबद्दल लिहिले होते. पुढे 1930 च्या जंगल सत्याग्रहात उरणजवळच्या चिरनेरला गोळीबार झाला. आदिवासी पाड्यावरची बाई आजही खाकी कपडे दिसले की मोळी घेऊन आडवाटेला लागते. या अविश्वासाला इतका जुना इतिहास आहे.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गस्तीच्या कामात प्राण्यांची राखण ठळकपणे आली. 1975 च्या खासगी वने संपादन कायद्याने ठाणे जिल्ह्यातील बरीच खासगी वने सरकारकडे आली आणि राखायची हद्द वाढली. त्याआधीच, फाळणीनंतर, कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित वसले. त्या वस्तीला 1949 साली उल्हासनगर हे नाव मिळाले. अंबरनाथ-बदलापूर त्यानंतर इतके फुगले, की इथल्या वनरक्षकाचा सामना कुऱ्हाडीइतकाच डोंगर पोखरणाऱ्या जेसीबीशी आणि कचऱ्याच्या डंपरशी होऊ लागला.

कामाचे स्वरूप ऋतूप्रमाणे बदलते. पावसाळ्यात धबधब्यांवर येणारी गर्दी आवरायची. 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा काळ. त्याआधी जाळरेषा काढून ठेवायच्या, म्हणजे गवत कापून आणि जाळून मोकळा पट्टा करायचा, त्यापुढे आग सरकू नये म्हणून. वणवा लागलाच तर हिरव्या डहाळ्यांनी झोडपून तो विझवतात. तोडलेल्या झाडाच्या खोडावर आणि जप्त लाकडावर हातोड्याचा ठसा मारतात. लोखंडात कोरलेली ती अक्षरे लाकडात उमटली, की तो माल कोणाचा यावर वाद उरत नाही.

सगळ्यात किचकट काम फाशांचे. रानडुकरासाठी लावलेला फास बहुतेकदा दुचाकीच्या क्लचच्या तारेचा असतो. पायवाटेच्या कडेला, कारवीच्या झुडपात, गुडघ्याच्या उंचीवर. गाडीतून तो दिसणे शक्य नाही. वाकून, काठीने पाला सारत चालणाऱ्यालाच दिसतो. त्यात डुकराऐवजी बिबट्याही अडकतो. ड्रोन आणि कॅमेरे आले तरी पायी गस्त का टाळता येत नाही, ते इथे कळते.

जानेवारी 2019 मध्ये उल्हासनगरच्या दाट वस्तीत बिबट्या शिरला. नोव्हेंबर 2022 मध्ये कल्याण पूर्वेला चिंचपाड्यात एका इमारतीत शिरलेल्या बिबट्याने काही जणांना जखमी केले. अशा वेळी बेशुद्ध करणारे पथक बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून बोलवावे लागते. ते पथक वाहतुकीतून वाट काढत पोचेपर्यंत मोबाइल उंचावून पुढे सरकणारी गर्दी मागे रेटणे हे स्थानिक वनरक्षकांचे आणि पोलिसांचे काम.

वनरक्षकाच्या भरतीत पुरुषांना चार तासांत 25 किलोमीटर आणि महिलांना 16 किलोमीटर चालून दाखवावे लागते. महिला वनरक्षकांची संख्या वाढली आहे आणि रात्रीच्या गस्तीलाही त्या जातात. वणवा, शिकार किंवा जखमी प्राणी दिसल्यास नागरिकांनी 1926 या क्रमांकावर कळवावे.