बोल्ट जागचा हलू नये म्हणून

ब्रेक दाबला की मोटारसायकलचे चाक थांबू लागते. पण चाकाचा तो सगळा जोर जातो कुठे? ड्रम ब्रेकमध्ये शू ड्रमला घासतात आणि ते ज्या पॅनेलवर बसवलेले असतात, ते पॅनेलही चाकाबरोबर फिरायला बघते. मागच्या चाकापाशी त्याला अडवून धरते एक साधी पोलादी पट्टी. गॅरेजमध्ये तिला टॉर्क रॉड म्हणतात. तिचे एक टोक पॅनेलला, दुसरे स्विंग आर्मला, आणि दोन्हीकडे एकेक बोल्ट. त्यातला एक जरी गळून पडला, तर पुढच्या वेळी ब्रेक दाबताच पॅनेल गरकन फिरते, ब्रेक रॉड वाकतो आणि चाक जाम होऊ शकते. स्प्लेंडरसारख्या लाखो गाड्यांची मदार या बोल्टवर राहिली आहे. त्याला जागेवर धरून ठेवण्यासाठी माणसाने काय काय केले, हे इंजिनाच्या इतिहासाइतकेच सांगण्यासारखे आहे.

बोल्टचे आटे एकसारखे झाले तेच मुळी 1841 नंतर. त्याआधी इंग्लंडमध्ये प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे. जोसेफ व्हिटवर्थ यांनी त्या वर्षी 55 अंशांच्या आट्याची एकच पद्धत मांडली आणि एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर बसू लागला. पण जो नट सहज चढतो तो सहज उतरूही शकतो. आगगाड्या आणि वाफेची इंजिने दिवसरात्र हादरत होती, आणि नट सुटत होते.

यावरचा जुना आणि आजही सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे स्प्लिट पिन, आपल्याकडच्या मेकॅनिकच्या तोंडची कॉटर पिन. बोल्टच्या शेवटाला आरपार भोक, नटाच्या माथ्यावर सहा खाचा. नट आवळायचा, खाच आणि भोक जुळत नसेल तर पुढच्या खाचेपर्यंत आणखी थोडा आवळायचा, मागे मात्र कधी आणायचा नाही. मग पिन घालून तिचा एक पाय बोल्टच्या टोकावरून वर वळवायचा, दुसरा नटाच्या अंगाला चिकटवून खाली. ही पिन नट घट्ट ठेवत नाही, हे नीट समजून घ्यायला हवे. नट सैल झालाच तर तो पडू देत नाही, एवढेच तिचे काम, आणि ते ती चोख करते. एकदा वाकवलेली पिन सरळ करून पुन्हा वापरली की वाकणावर तुटते. तरी तीच पुन्हा घालतात, किंवा तिच्या जागी बाइंडिंग तारेचा तुकडा पिळून गाडी देतात. हे मला अक्षम्य वाटते.

पिनेनंतर सर्वांत जास्त विश्वास आपण टाकला तो स्प्रिंग वायसरवर. कापलेली, किंचित पिळलेली ती पोलादी कडी नटाखाली घातली की नट हलणार नाही, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. 1969 मध्ये गेर्हार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने तिची परीक्षा घेतली. बोल्टच्या लांबीच्या दिशेने बसणाऱ्या हादऱ्यांपेक्षा त्याला आडवे बसणारे हादरे कितीतरी घातक असतात, हे त्याने यंत्रावर दाखवून दिले. जोडलेले दोन भाग एकमेकांवर आडवे सरकू लागले की आट्यांमधले घर्षण जणू नाहीसे होते आणि बोल्ट आपोआप उलटा फिरू लागतो. अशा चाचणीत स्प्रिंग वायसर टिकत नाही. नासाच्या 1990 मधल्या बोल्टविषयक पुस्तिकेनेही तो आवळून सपाट झाला की साध्या वायसरसारखाच असतो, सुटणे थांबवायला निरुपयोगी, असा स्पष्ट निकाल दिला आहे.

युंकरचे म्हणणे ब्रेकला तंतोतंत लागू पडते. होंडाच्या सीबी 750 ने 1969 मध्येच डिस्क ब्रेक रस्त्यावरच्या मोटारसायकलींत रुजवला. आपल्याकडे तो 1999 च्या सीबीझेडने आणि पाठोपाठ पुण्याच्या पल्सरने घरोघर नेला. डिस्कला चिमटणारा कॅलिपर फोर्कला दोन बोल्टांनी धरलेला असतो. ब्रेक दाबला की डिस्क त्याला ओढते, ती बोल्टांना आडवी. सोडला की ओढ संपते. कसारा घाट उतरताना हे किती वेळा होत असेल!

मग बोल्ट टिकतो कशावर? स्वतःच्या ताणावर. आवळताना तो ताणलेल्या रबरासारखा किंचित लांबतो आणि आखडू पाहताना दोन्ही भाग एकमेकांवर दाबून धरतो. हे लांबणे असते मिलिमीटरच्या काही शतांशांइतके. आठ मिलिमीटरच्या बोल्टचा एक पूर्ण फेरा सव्वा मिलिमीटरचा, म्हणजे तो दहा-पंधरा अंश उलटा फिरला तरी बरीच ओढ उतरते. डोळ्याला ते कळतही नाही. म्हणून किती आवळायचे ते मोजणे आले. न्यूयॉर्कच्या पाणीखात्यातल्या कॉनराड बार यांनी 1918 मध्ये पाइपांचे बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळले जाऊ नयेत म्हणून टॉर्क पाना बनवला. कॅलिपरच्या आठ मिलिमीटरच्या बोल्टला बहुधा 25 ते 30 न्यूटन-मीटर लागतात. नेमका आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो.

विमानवाल्यांनी वेगळा मार्ग धरला. बोल्टच्या माथ्याला बारीक भोके पाडून त्यांतून स्टेनलेस तार ओवायची आणि पिळत शेजारच्या बोल्टला बांधायची, ती अशी की एक सुटू लागला तर तार ताणून दुसऱ्याला आवळायच्या दिशेने ओढावी. आठ दशांश मिलिमीटरच्या तारेला इंचाला सहा ते आठ पीळ, इतका काटेकोर हिशेब. रेसिंगच्या मोटारसायकलींनी हीच पद्धत उचलली. अनेक स्पर्धांत तेलाचे डाट आणि कॅलिपरचे बोल्ट तारेने बांधलेले असल्याशिवाय गाडी ट्रॅकवर सोडत नाहीत.

पण या साऱ्यात मला सर्वांत विलक्षण वाटते ती एका थेंबाची गोष्ट. जनरल इलेक्ट्रिकच्या संशोधकांना एक द्रव सापडला होता. हवा मिळत राहिली की तो पातळ राहायचा, हवा तुटली की दगड व्हायचा. तो साठवायचा तर त्यातून सतत हवा फुंकत राहावी लागे, म्हणून त्याचा कोणाला उपयोग होईना. तिथेच रसायनतज्ज्ञ असलेल्या रॉबर्ट क्रीबल यांनी हे वडिलांच्या कानावर घातले. वडील व्हर्नन क्रीबल हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक, वय सत्तरीकडे झुकलेले. त्यांनी 1953 मध्ये कॉलेजच्या प्रयोगशाळेत तो द्रव बाटलीत टिकेल असा केला. आट्यांच्या फटीत हवा पोहोचत नाही आणि धातूचा स्पर्श होतो. तिथेच तो घट्ट होतो आणि आटे एकजीव धरतो. त्यांच्या सुनेने, नॅन्सी यांनी, नाव सुचवले लॉकटाइट. त्याची बाटली विकत घ्याल तर ती अर्धीच भरलेली दिसेल. मापात पाप नाही ते. वरची हवाच आतला द्रव जिवंत ठेवते. निळा प्रकार नेहमीच्या पान्याने सुटतो, लाल सोडवायला बोल्ट सुमारे 250 अंशांपर्यंत तापवावा लागतो. कॅलिपरसाठी मॅन्युअल सांगेल तोच वापरावा, तोही आट्यांवरचे तेल पुसून, आणि डिस्कवर किंवा पॅडवर थेंब उडू न देता. काही नव्या बोल्टांच्या आट्यांवर असे रसायन कारखान्यातच वाळवून लावलेले असते. म्हणून होंडाच्या बऱ्याच मॅन्युअलांत कॅलिपरचे बोल्ट एकदा काढले की नवेच घाला, असे बजावलेले आहे.

आवळून झाल्यावर बोल्टच्या माथ्यावरून शेजारच्या भागावर रंगाची एक रेघ ओढतात. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला. ही रेघ घरीही ओढता येते, आणि पान्याला हात न लावता रोज बघता येते.

दसऱ्याला आपण गाडी धुऊन हार घालतो. या वेळी हार घालण्याआधी मागच्या चाकापाशी उकिडवे बसा आणि टॉर्क रॉडच्या टोकाला पिन आहे का ते बघा. भोक रिकामे असेल किंवा त्यात तार पिळलेली असेल, तर नवी स्प्लिट पिन काही रुपयांत मिळते. ती बसवल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका.